ग्रुपवरच्या गप्पांत नवखे असाल तर

'काय चाललंय?' असं विचारलं की 'काही नाही, निवांत' एवढंच उत्तर येतं आणि गप्पा तिथेच संपतात. प्रश्न नेमका हवा. 'जेवण झालं का?' याचं उत्तर हो किंवा नाही. 'आज डब्यात काय होतं?' म्हटलं की मेथीची भाजी, ती परतून की पीठ पेरून, लसूण किती, इथपर्यंत गाडी जाते. विचारण्याआधी आपल्याकडचंही एक वाक्य द्या: 'आमच्याकडे सकाळपासून रिपरिप आहे, कपडे वाळत नाहीयेत. तुमच्याकडे उघडलं का?' नुसते प्रश्नांवर प्रश्न आले की समोरच्याला चौकशी चालल्यासारखं वाटतं.

पाऊस हा हक्काचा विषय, पण समोरचा कुठला आहे ते ध्यानात ठेवा. जूनअखेरीस कोकणातला माणूस गळक्या कौलांबद्दल बोलत असतो, तेव्हा माणदेशातला पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असू शकतो. त्याच्यापुढे चहा-भज्यांचं कौतुक जरा बेतानं.

पगार, लग्न, मुलंबाळं, वजन हे विषय समोरच्याने काढल्याशिवाय काढू नका. कुणी 'आईला दवाखान्यात नेलंय' म्हटलं, तर चालू थट्टा लगेच थांबवा. 'आता कशा आहेत?' एवढंच विचारा. औषधं सुचवू नका. दोन दिवसांनी आठवणीने पुन्हा विचारा. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात, आणि जवळीक तर यानेच वाढते.

तुमच्या बोलण्यावर कुणीच काही बोललं नाही, तर मनाला लावून घेऊ नका. माणसं स्वयंपाकात असतात, लोकलमध्ये असतात. तेच पुन्हा न विचारता संध्याकाळी दुसरा विषय काढा. निघताना 'चला, कुकर लावायचाय' एवढं पुरे.