बाळाचे हात दिवसातून बावीस वेळा धुणारी आई

"मॅडम, घरातल्या धुळीत प्लॅस्टिकची केमिकल्स असतात आणि ती कातडीतून बाळाच्या अंगात जातात, हे खरंय का?" हा प्रश्न समुपदेशनाला येणाऱ्या नव्या आया मला बऱ्याचदा विचारतात. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

बाळ नऊ महिन्यांचं, नुकतंच रांगायला लागलेलं. भाड्याच्या फ्लॅटची लादी उखडलेली म्हणून नवऱ्याने हॉलभर प्लॅस्टिकचं कार्पेट अंथरलं, ते लाकडाच्या डिझाइनचं रोलवर मिळतं ना, तेच. आठवड्याने रात्री बाळाला पाजता पाजता तिने मोबाइलवर थॅलेट्सबद्दल, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या केमिकल्सबद्दल वाचलं आणि झोप उडाली ती उडालीच. माझ्याकडे आली तेव्हा बाळाचे हात दिवसातून बावीस वेळा साबणाने धुवत होती, आकडा तिनेच मोजलेला, लादी तीनदा फिनाइलने पुसायची, आणि सासूबाईंनी बाळाला घ्यायच्या आधी साडी बदलायची असा नियम, त्यामुळे त्यांनी बोलणंच टाकलेलं. तिने दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले, बोटांच्या पेरांवर चिरा, एका चिरेत रक्त. मग मोबाइलमधला बाळाचा फोटो दाखवला, मनगटाच्या वळीत लाल खरबरीत पट्टा.

"काही होत नाही, उगाच विचार करतेस" हे तिला घरात सगळ्यांनी सांगून झालेलं, मी ते म्हटलं नाही कारण तिने वाचलेलं खोटं नव्हतं. पीव्हीसी, म्हणजे अशा कार्पेटचं प्लॅस्टिक, मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट्स घालतात, ती प्लॅस्टिकशी पक्की जोडलेली नसतात, पोळी गुंडाळलेल्या कागदाला जसं तेल सुटतं तशी हळूहळू बाहेर येतात आणि धुळीला चिकटतात. कातडीचं म्हणाल तर 2015 साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी सहा पुरुषांना थॅलेट्स मिसळलेली हवा असलेल्या खोलीत सहा तास बसवून बघितलं, आणि हलक्या जातीची दोन थॅलेट्स हवेतून थेट कातडीत जवळजवळ श्वासाइतकीच गेलेली आढळली. 2004 च्या स्वीडनमधल्या अभ्यासात दमा, इसब असलेल्या मुलांच्या घरच्या धुळीत काही थॅलेट्स जास्त सापडली होती. पण सापडली म्हणजे त्यांच्यामुळेच दमा झाला असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि तिने ते "माझ्या बाळाला दमा होणार" असंच वाचलेलं.

मग तिने न वाचलेलं सांगितलं. धुळीत जे जड थॅलेट भरपूर असतं, डीईएचपी, ते कातडीतून फार सावकाश जातं, रांगत्या बाळाच्या बाबतीत त्याचा मोठा रस्ता म्हणजे तोंडात जाणारे हात. शिवाय शरीर ते फोडतं आणि बहुतेक भाग एकदोन दिवसांत लघवीतून बाहेर पडतो, शिशासारखं हाडात साठून राहत नाही. रोज नवीन येतं ते मात्र खरं, म्हणून जिथून येतं ती वस्तू कमी करायची. आणि कातडी हीच बाळाची भिंत आहे, बावीस वेळा साबण लावून तिच्यावरचं तेल तुम्ही उतरवताय, चिरलेल्या कातडीतून तर जास्तच आत जाईल. ती बराच वेळ फोटोतल्या त्या लाल पट्ट्याकडे बघत राहिली, मग रडली.

पट्ट्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर दिलं. बाळंतपणानंतर ओसीडी, म्हणजे नको तो विचार परत परत येऊन एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, उसळते हे आम्ही बरेचदा बघतो, झोप पूर्ण गेलेली म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं, बाळाला पाजताना चालणारं औषध त्यांनी सुरू केलं, ते घ्यायला लाजायचं काही कारण नाही.

घरात ठरलं ते एवढंच: कार्पेट काढायचं, सुती सतरंजी घालायची, कोरडा झाडू फिरवून धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने दिवसातून एकदा पुसायचं, सकाळी गॅलरीचं दार उघडं, सुगंधी पावडर बंद, आणि हात धुवायचे ते खाण्याआधी, बाहेरून आल्यावर, शी झाल्यावर, बस. खेळण्यांवर आयएसआय मार्क बघायचा, 1 जानेवारी 2021 पासून तो आपल्याकडे बंधनकारक आहे आणि त्या मानकांत थॅलेट्ससाठी वेगळा भाग आहे.

हे सगळं सोपं होतं, अवघड होतं ते मधे न धुणं. धुवावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबायचं आणि भीती किती ते वहीत लिहायचं, पहिल्या दिवशी तिने सगळीकडे दहापैकी दहा लिहिले. नवऱ्यालाही बोलावलं, कारण संध्याकाळभर ती "काही होणार नाही ना?" विचारायची आणि तो बिचारा दर वेळी "नाही गं" म्हणायचा, त्याने दोन मिनिटं बरं वाटायचं आणि प्रश्न परत हजर. त्याने फक्त "ठरलंय तेवढं केलंय आपण" म्हणायचं आणि विषय सोडायचा. सासूबाईंकडे सतरंजी गेली, दर रविवारी धुवून गॅलरीत उन्हात वाळत घालायच्या, बोलणं तिथूनच सुरू झालं, आधी फक्त चिमट्यांबद्दल.

दीड महिन्याने वहीत दहाचे चार झाले होते, मधे बाळाला सर्दी झाली तेव्हा परत आठवर गेले, मग उतरले. चौथ्या महिन्यात आली ती नणंदेच्या लग्नाहून, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी, पेरांवर सुद्धा. "आग नाही झाली मॅडम," म्हणाली, आणि तळवे उलटेसुलटे करून मला दाखवत राहिली.