काँक्रीटमध्ये पिवळा रंग घातला तर आरसीसी कमजोर होते का?

रत्नागिरीजवळ घर बांधताय, पडवीचे चार खांब आणि छज्जा गिलावा न करता पिवळसर रंगीत काँक्रीटचेच ठेवायचेत, आणि ठेकेदार म्हणतो की रंग घातला की माल कमजोर होतो, असं तुम्ही लिहिलंय. (आरसीसी म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट.) त्याची भीती खोटी नाही, पण कारण दुसरंच आहे.

चांगला आयर्न ऑक्साइड, म्हणजे काँक्रीटच्या रंगाची पूड, सिमेंटशी काही रासायनिक भानगड करत नाही, वाळूसारखा नुसता मालात बसून राहतो. फक्त त्याचे कण सिमेंटपेक्षा कितीतरी बारीक, एक मायक्रॉनच्या आतले. एवढी बारीक पूड भिजायला पाणी लागतंच. त्यातही लाल-काळ्याचे कण गोलसर, पिवळ्याचे सुईसारखे; म्हणून तुमचा पिवळाच जास्त पाणी पितो. माल घट्ट दिसला की मिक्सरवाला सवयीने थोडं पाणी ओततो आणि घात तिथे होतो.

हिशोब बघा. 50 किलो सिमेंटच्या गोणीला 0.45 प्रमाणाने (पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन) साडेबावीस लिटर पाणी बसतं. अडीच लिटर जास्त पडलं की प्रमाण 0.50 झालं आणि साधारण चार-पाच मेगापास्कल (ताकद मोजायचं एकक) ताकद गेली. तुमच्याकडे तर मला ताकदीपेक्षा सळईची काळजी वाटते. जादा पाणी उडून गेलं की मागे बारीक छिद्रं राहतात, त्यांतून खारी हवा स्टीलपर्यंत पोचते. समुद्राजवळच्या उघड्या आरसीसीला आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम-30 (28 दिवसांनी 30 मेगापास्कल ताकदीचं काँक्रीट), पाण्याचं प्रमाण 0.45 च्या आत आणि 45 मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, लागतं. रंग घातला म्हणून यात सूट नाही.

आमच्या एका साइटवर शेजारशेजारचे दोन खांब, रंग एकाच गोणीतला. शटरिंग काढलं तर एक खांब स्पष्ट फिकट. त्या बॅचला पाणी जास्त पडलं होतं, आणि 28 दिवसांनी नेमके त्याच बॅचचे क्यूब (ताकद तपासायला ओतलेले ठोकळे) ताकदीत कमी भरले. तेव्हापासून रंगीत कामात फिकट पट्टा दिसला की मी आधी क्यूबचा रजिस्टर उघडतो.

रंग सिमेंटच्या वजनाच्या 5 टक्के धरा, म्हणजे गोणीला अडीच किलो. त्यापुढे छटा फारशी गडद होत नाही, पैसे मात्र जातात. अमेरिकेच्या एएसटीएम सी 979 मानकात 10 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, आणि रंगीत काँक्रीटची 28 दिवसांची ताकद साध्याच्या निदान 90 टक्के भरावी लागते. रंग घातला म्हणून सिमेंट कमी करू देऊ नका. माल सैल हवा असेल तर सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, वापरा.

फरशीसाठी मिळतो तो सुटा रंग खांबात नकोच. त्यात खडूची भेसळ किंवा क्षार असू शकतात. स्टील नसलेल्या फरशीत ते खपून जातं, पण सळईला त्या क्षारांतलं क्लोराइड चालत नाही, ती गंजते. काँक्रीटसाठीचा रंग घ्या, टेस्ट सर्टिफिकेट मागा.

खांब भरण्याआधी त्याच सिमेंटचा, त्याच वाळूचा फूटभर ठोकळा ओतून बघा. ओला असताना तो गडद दिसेल, फसू नका. पूर्ण वाळल्यावरच छटा ठरवा. सोबत सहा क्यूब भरा, तीन 7 दिवसांना, तीन 28 दिवसांना. आकडे आले की इथे टाका, मी बघतो.