मज्जातंतूंचा वेग आणि घरच्यांची घाई

प्रश्न : माझे यजमान 69 वर्षांचे असून माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत. शिगमो आटोपल्यावर त्यांना चार-पाच दिवस जुलाब झाले. ते थांबले आणि पुढे दोनेक आठवड्यांनी एका सकाळी पायांना मुंग्या येऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढवेनात, तिसऱ्या दिवशी पेज खाताना हातात चमचा धरवेना. एका दवाखान्यातून वयोमानाचा अशक्तपणा म्हणून परत पाठवले गेले, मग मोठ्या रुग्णालयात जीबीएस, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम, असे निदान झाले. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन दिले, तरी काही काळ व्हेंटिलेटर लावावा लागला. आता सहा महिने होत आले. ते वॉकर धरून घरात चालतात, आपल्या हाताने जेवतात. पण महिना-दीड महिना सगळे एका जागी अडल्यासारखे वाटते. अर्धा तास कुणाशी बोलले तरी थकून आडवे होतात, रात्री दचकून उठतात. नातेवाईक म्हणतात, मन घट्ट करा, प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे द्या. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरतीला ते वर्षानुवर्षे घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवत आले आहेत. यंदा "मला बाहेर बसवूच नका" म्हणतात. मी त्यांना आग्रह करून उठवावे की पडू द्यावे? आणखी सुधारणा होईल का?
— एक वाचक भगिनी, डिचोली तालुका

उत्तर : ताई, आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो. सहा महिन्यांनी सुधारणा संपते, असे या आजारात मुळीच नाही. जीबीएस झालेल्यांपैकी साधारण 80 टक्के रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात. परंतु साठीच्या पुढचे वय, आजाराआधी झालेले जुलाब आणि व्हेंटिलेटरची गरज या तिन्ही गोष्टी चाल मंदावणाऱ्या आहेत आणि आपल्या यजमानांच्या वाट्याला त्या तिन्ही आल्या. तेव्हा वॉकरपर्यंत येण्यास त्यांना सहा महिने लागले, यात त्यांच्या जिद्दीची काही उणीव नाही. वर्ष उलटल्यावर, आणि काहींच्या बाबतीत तीन वर्षांनंतरही, बळ वाढत राहिल्याचे दिसते.

हा वेग कशावर अवलंबून असतो, हे घरातल्या सर्वांनी समजून घ्यावे, कारण बरीचशी चिडचिड न समजण्यातून होते. जुलाबांना कारण ठरणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूच्या आवरणातील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखेच असतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मग त्या साम्यामुळे मज्जातंतूंवरही तुटून पडतात. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जिवाणू सापडला होता. हा हल्ला दोन प्रकारांनी होतो. कधी विजेच्या तारेवरचे रबर सोलले जावे तसे मज्जातंतूवरचे मायलिनचे वेष्टन झिजते. ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा चढते आणि रुग्ण तुलनेने लवकर उभा राहतो. कधी मात्र आतला तंतूच तुटतो, आणि तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे तीन सेंटिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर मनात धरले तर पाऊल सर्वांत शेवटी का सुधारते, हे कळेल. जुलाबांनंतर येणाऱ्या जीबीएसमध्ये हा दुसरा प्रकार अधिक आढळतो. यजमानांच्या कागदांत मज्जातंतूंच्या वहनाची चाचणी, ज्याला एनसीएस म्हणतात, तिचा अहवाल असेल; पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो दाखवून यांचा प्रकार कोणता, हे अवश्य विचारा. पुढच्या वर्षभराच्या अपेक्षा त्या उत्तरावर बेतता येतील.

आता थकव्याविषयी, कारण माझ्या मते आपल्या घरात खरा पेच तोच आहे. जीबीएसमधून उठलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तीव्र थकवा दीर्घकाळ छळतो, आणि ज्यांचे हातपाय पूर्ववत झाले आहेत, त्यांनाही तो सोडत नाही. तो बाहेरून दिसत नाही. माणूस ठणठणीत दिसतो, जेवतो, चार शब्द हसून बोलतो, आणि अर्ध्या तासात गळून जातो. पाहणाऱ्याला तो आळस वाटतो. "मन घट्ट करा" हा सल्ला अशा माणसाला फार लागतो, कारण आयुष्यभर मन घट्ट ठेवूनच त्याने शाळा चालवलेली असते. हा थकवा आजाराचा भाग आहे, हे नातेवाइकांना आपण स्पष्ट सांगा, आणि शक्य असल्यास यजमानांच्या समोर सांगा.

म्हणून उठवावे की पडू द्यावे, याचे उत्तर असे की, दोन्ही करावे, पण ठरवून. दिवसभर अंथरुणात राहिल्याने स्नायू आणखी आटतात, घोटे आखडतात, पायांच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. उलट, उत्साहाच्या भरात एकाच वेळी तासभर व्यायाम केला तर दोन दिवस अंगात त्राण राहत नाही. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यानंतर, थकण्याची वाट न पाहता, विश्रांती द्या. किती झेपले, हे त्या क्षणी नव्हे तर दुसऱ्या दिवशी सकाळी कळते: सकाळी पाय नेहमीपेक्षा जड असतील तर आदल्या दिवशीचे प्रमाण जास्त झाले, तसे नसेल तर आठवडाभर तेच ठेवून मग किंचित वाढवा. नेदरलँड्समध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 20 रुग्णांना 12 आठवडे देखरेखीखाली, हळूहळू जोर वाढवत, जागेवरच्या सायकलीचा व्यायाम दिला होता; त्यांचा थकवा कमी झाला आणि बळही वाढले. अभ्यास लहान आहे, परंतु त्यातला "देखरेखीखाली, हळूहळू" हा भाग फिजिओथेरपिस्टकडून करून घेण्याजोगा आहे. अंघोळ, दाढी, व्यायाम आणि भेटीला आलेली मंडळी हे सारे एकाच सकाळी येऊ देऊ नका. अंघोळ हे त्यांच्यासाठी आज मोठे काम आहे. ती खुर्चीवर बसून करावी.

घराविषयी थोडे. पाऊल पूर्ण उचलत नसेल तर सपाता बंद करा आणि मागे पट्टा असलेली पादत्राणे द्या. घोट्याला आधार देणारा स्प्लिंट लागेल का, हे विचारा. आपल्याकडे पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, तेव्हा अंगणात उतरणे पूर्ण कोरडे होईपर्यंत नको. खोल आरामखुर्चीतून उठताना मांड्यांवर फार जोर येतो, म्हणून उंच बैठकीची, हात असलेली खुर्ची वापरा. तेलाने हलके चोळण्यास हरकत नाही, पण तेल लागलेल्या तळव्यांनी फरशीवर पाऊल टाकू देऊ नका. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी कधीही लावू नका. भाजल्याचे त्यांना समजणार नाही.

काढ्यांबद्दल मी ठामपणे नको म्हणेन. ज्या आजारात प्रतिकार यंत्रणाच वाट चुकली, त्यात तिला आणखी चेतवण्याच्या गोष्टी कशाला? 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद केली होती आणि त्यांतील काहींत स्वयंप्रतिकाराची, म्हणजे प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटल्याची, लक्षणे होती. त्या निष्कर्षावर वाद झाला, हे खरे. तरीही यजमानांच्या वयात आणि या आजारानंतर तो धोका पत्करण्यासारखा नाही. साधे, पुरेशा प्रथिनांचे जेवण द्या: पेज, डाळ, अंडी, नीट शिजलेली मासळी.

रात्री दचकण्याचे कारण एकदा शांतपणे विचारून पाहा. व्हेंटिलेटरवर असलेल्या जीबीएसच्या रुग्णाचे शरीर हलत नाही, पण बहुतेक वेळ मन जागे असते. त्या दिवसांत अनेकांना अतिशय स्पष्ट भास आणि भयंकर स्वप्ने पडतात. भिंती सरकणे, अनोळखी माणसे उशाशी उभी राहणे, स्वतःचे शरीर छताला तरंगणे असे अनुभव येतात. बरे झाल्यावर ही माणसे त्याविषयी बोलत नाहीत, लोक आपल्याला वेडे म्हणतील म्हणून. हे या आजारात घडते, एवढे ऐकूनही पुष्कळांचे मन हलके होते. उदासी आठवडे उलटूनही हटली नाही, जेवण-झोप सुटली, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागले, तर मनोविकारतज्ज्ञांकडे नेण्यास विलंब करू नका.

आणि चवथ. "बाहेर बसवूच नका" या म्हणण्यामागे, माझ्या समजुतीप्रमाणे, वॉकरसह चारचौघांसमोर येण्याचा संकोच आहे. आग्रह नको, पण दारही बंद करू नका. आतापासूनच घुमट त्यांच्या मांडीवर देऊन रोज पाच मिनिटे केवळ बोटांनी ठेका धरायला सांगा. बोटांच्या बळासाठी रबरी चेंडू दाबण्यापेक्षा हा व्यायाम त्यांना आपलासा वाटेल, आणि हात मनासारखा पडतो आहे की नाही, हे त्यांना इतर कोणापेक्षा लवकर ऐकू येईल. दिवसभराच्या पाहुण्यांपासून त्यांना मोकळे ठेवा, दुपारी झोपू द्या, आणि एकाच आरतीला, तीही इच्छा असेल तर, हाताच्या खुर्चीत बसवा. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीसाठी, शिडी किंवा स्टूल मात्र यंदा त्यांच्याकडे जाता कामा नये. काय कुठे बांधायचे, हे ते बसून सांगू शकतात.

एक सूचना लक्षात ठेवा. बळ वाढायचे थांबणे निराळे आणि आलेले बळ पुन्हा जाणे निराळे. चालणे मागे पडू लागले, गिळताना ठसका लागू लागला, आडवे पडल्यावर दम लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जीबीएस पुन्हा होण्याचे प्रमाण 2 ते 5 टक्के आहे. काही थोड्या रुग्णांत पुढे तो आजार सीआयडीपी नावाचा दीर्घकालीन आजार असल्याचे लक्षात येते आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

शेवटी आपल्याविषयी. पत्रात आपण स्वतःबद्दल एक ओळही लिहिली नाही. सहा महिने रात्री उठणारी व्यक्ती आपणच असाल. आठवड्यातून निदान दोन दुपारी मुलाने, सुनेने किंवा शेजारच्या कुणीतरी यजमानांजवळ बसावे आणि आपण घराबाहेर पडावे, अशी व्यवस्था लावून घ्या. मागितल्याशिवाय ती होत नाही.

प्रश्न : मी 72 वर्षांची आहे. गेल्या डिसेंबरात दोन-तीन दिवसांतच माझे दोन्ही खांदे आणि कंबर इतकी आखडली की सकाळी कूसही बदलता येईना. पॉलिमायल्जिया रुमॅटिका, म्हणजे उतारवयात खांदे-कंबर आखडणारा दाहाचा आजार, असे निदान होऊन प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झाले आणि दोन दिवसांत निम्मा त्रास गेला. आता चेहरा सुजल्यासारखा दिसतो, साखरही वाढली आहे. जीबीएसमध्ये स्टिरॉइड देत नाहीत, असे ऐकले. मग मी ते बंद करू का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण होऊन एक दिवसही बंद करू नका. जीबीएसमध्ये स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, हे चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. आपल्या आजारात मात्र तेच मुख्य औषध आहे, आणि इतक्या लवकर गुण येणे हीच निदानाला मिळालेली पुष्टी आहे. कित्येक महिने बाहेरून स्टिरॉइड मिळाले की शरीरात स्टिरॉइड तयार करणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावतात. औषध एकदम थांबल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरच कमी करतील. 10 मिलिग्रॅमच्या खाली आल्यावर ती बहुधा महिन्याला एकेक मिलिग्रॅमने उतरवतात आणि सारा उपचार वर्ष-दोन वर्षे चालतो. साखरेचे औषध वाढवून घ्या, आणि हाडांची घनता तपासणे, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांविषयी विचारा.

कानशिलाजवळ नवी डोकेदुखी, केस विंचरताना डोके दुखणे, चावताना जबडा भरून येणे, एका डोळ्याने क्षणभर न दिसणे किंवा वस्तू दोन दिसणे, यांतले एकही लक्षण आले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येणारा याच्या जोडीचा आजार आहे. त्यात गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही, पण वेळेत जास्त मात्रा मिळाल्यास ती वाचवता येते.

प्रश्न : वडिलांना दोन वर्षांपूर्वी सर्दी-तापानंतर जीबीएस झाला होता, आता ते ठीक आहेत. त्यांना फ्लूची लस द्यावी का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : फ्लूच्या लसीने जीबीएस होतो, या भीतीचे मूळ जुने आहे. अमेरिकेत 1976 साली दिलेल्या स्वाइन फ्लूच्या लसीनंतर सुमारे लाखामागे एक जादा जीबीएसचा रुग्ण आढळला होता. आजच्या फ्लूच्या लसींत हा जादा धोका दहा लाख मात्रांमागे एक-दोन रुग्णांइतका आहे, आणि स्वतः फ्लू होण्याने होणारा धोका त्याहून मोठा आहे. वडिलांचा आजार लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू झाला नव्हता आणि त्याला वर्षाहून अधिक काळ लोटला आहे. अशा वेळी वय पाहता लस देण्याकडे माझा कल राहील. तरी त्यांच्या मज्जासंस्थातज्ज्ञांना आधी विचारा, आणि लस देणाऱ्या परिचारिकेला जुन्या आजाराचा कागद दाखवा.