मदरबोर्डचं वेड आहे म्हणून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग? आधी त्याची वही वाचा

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलाला सीईटीत 91 पर्सेंटाईल पडले, 95 पडले असते तर तुम्ही त्याला 62 हजारांचा मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड, घेऊन देणार होतात, आता बोर्ड कॅन्सल, रात्री रिव्ह्यू बघणं बंद, आणि एवढं वेड आहे तर कॉम्प्युटरच घ्यायचं, दुसरी ब्रँच चालणार नाही, असं तुम्ही त्याला बजावलंय. सोबत त्याच्या वहीतल्या चार पानांचे फोटो पाठवलेत, तो वेळ कसा वाया घालवतो ते मला दिसावं म्हणून, आणि तेही त्याला न सांगता.

मला मार्कांची काळजी वाटली नाही. 91 वाईट नाहीत. काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या ओळीची, की तीन आठवडे झाले तो ताट घेऊन खोलीत जाऊन जेवतो, आणि ते तुम्ही 'उद्धटपणा' म्हणून लिहिलंय. अहो, त्याला ज्या गोष्टीत जीव आहे तीच तुम्ही आधी बक्षीस केलीत आणि मग शिक्षा केलीत, आता त्याच गोष्टीच्या नावाने त्याची ब्रँचही तुम्हीच ठरवताय, मग त्याने तुमच्यासमोर बसून बोलायचं तरी काय?

आता ती वही. त्याने झेड790 चिपसेटचे, म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरसाठीचे, तीन महागडे बोर्ड शेजारी शेजारी मांडलेत. रंग, लायटिंग यावर एक ओळही नाही. एका बोर्डाखाली लिहिलंय, 'हीटसिंकला फिन्स नाहीत, नुसता ठोकळा, हवा लागणार कुठे?' (हीटसिंक म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, फिन्स म्हणजे त्याच्या पातळ पात्या.) दुसऱ्याखाली, 'जेन 5च्या स्लॉटमध्ये एसएसडी लावली की ग्राफिक्सचा स्लॉट एक्स16 वरून एक्स8 वर येतो, मॅन्युअल बघ.' हे बरोबर आहे, कारण त्या प्रोसेसरकडे जेन 5च्या लेन, म्हणजे डेटा नेणाऱ्या वेगवान वाटा, सोळाच असतात (एक्स16 म्हणजे सोळा, एक्स8 म्हणजे आठ), एसएसडीला द्यायच्या तर ग्राफिक्सच्याच काढाव्या लागतात. बारावीचा मुलगा जाहिरात सोडून मॅन्युअल उघडतो हो, तुम्ही याला टाइमपास म्हणताय.

एक चूक केलीय त्याने. '20 पॉवर स्टेज गुणिले 90 अँपिअर बरोबर 1800' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. पॉवर स्टेज म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारे बोर्डावरचे छोटे भाग. पण 250 वॅट खाणारा प्रोसेसर साधारण सव्वा व्होल्टवर चालतो, म्हणजे त्याला लागतात 200 अँपिअरच्या आसपास, 1800 कधीच नाही. शिवाय बऱ्याच बोर्डांवर दोन-दोन स्टेज कंट्रोलरच्या एकाच सिग्नलवर जोडलेल्या असतात, त्यामुळे 20 स्टेज म्हणजे 20 फेज, म्हणजे वीज देणाऱ्या 20 स्वतंत्र पाळ्या, असं धरता येत नाही. जास्त स्टेजचा फायदा एवढाच की भार वाटला जातो आणि प्रत्येक स्टेज कमी तापते.

आणि इथेच तुमचा मोठा गैरसमज आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग म्हणजे कॉम्प्युटर बनवायला शिकणं, असं खूप पालकांना वाटतं. तसं नाहीये. आपल्याकडे त्या ब्रँचला मुख्यतः प्रोग्रामिंग, अल्गोरिदम, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क असतं, हार्डवेअरचे एक-दोन पेपर असतात आणि तेही सुरुवातीला उरकतात. तुमच्या मुलाच्या वहीत जे आहे, 12 व्होल्टचे सव्वा व्होल्ट कसे करायचे, उष्णता कुठे जाते, तांब्याच्या बारीक रेघेतून इतका वेगवान सिग्नल न बिघडता कसा न्यायचा, हे सगळं इलेक्ट्रॉनिक्स आणि ईएनटीसीचं (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) आहे, थोडं इलेक्ट्रिकलचं. त्याला कोडिंग आवडतं असा एक शब्द तुमच्या पत्रात नाही. मग चार वर्षं त्याला तिथे का बसवताय, फक्त कॉम्प्युटर हा शब्द आहे म्हणून?

कॅप राउंडचं, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्यांचं, तुम्हाला माहीत आहेच, फॉर्ममध्ये ईएनटीसी वर घेऊ दे, व्हीएलएसआयची, म्हणजे चिप डिझाइनची, वेगळी डिग्रीही एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) 2023 पासून आणलीय, जवळच्या कॉलेजात आहे का बघा. असे बोर्ड विकणाऱ्या मोठ्या कंपन्या, आसुस, एमएसआय, गिगाबाइट, तैवानच्या आहेत, तेव्हा उद्या गेमिंग बोर्डच डिझाइन करेन असं डोक्यात ठेवू नये. पण हेच काम पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये, चार्जरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये लागतं.

62 हजारांचा बोर्ड मात्र घेऊ नका, पर्सेंटाईल कितीही असते तरी मी हेच म्हटलं असतं. त्याला बोर्ड वापरायचा नाहीये, समजून घ्यायचाय. बंद पडलेले दोन बोर्ड, एक बरं मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन आणून द्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सगळं मिळतं. कीकॅड हे सर्किट बोर्ड काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात दोन थरांचा छोटासा पॉवर सप्लाय स्वतः काढू दे. पहिला बहुतेक चालणार नाही, पण हरकत नाही.

चौथ्या पानावर त्याने एक प्रश्न लिहून गोल केलाय, 'रॅमचे चारही स्लॉट भरले की स्पीड का पडतो?' कारण एकाच रेघेवर दोन-दोन रॅम लटकतात, सिग्नलवर भार वाढतो आणि जोडाजोडातून तो थोडा मागे परततो. म्हणून तर दोनच रॅम असतील तर मॅन्युअल दुसरा आणि चौथा स्लॉट सांगतं, रेघेच्या टोकाचे, म्हणजे पुढे मोकळी शेपटी राहत नाही. इंजिनिअरिंगला हे ट्रान्समिशन लाइन या विषयात येईल त्याला. आज हे उत्तर त्याला वाचून दाखवा, आणि वहीचे फोटो मला तुम्ही पाठवले होते हेही तुम्हीच सांगा.