हेराल्डचं छत उतरवलं आणि दार घासू लागलं

प्रश्न : वडिलांची 1966 ची स्टँडर्ड हेराल्ड आहे, दोन दारांची, मद्रासला बनलेली. मुलीच्या लग्नात वरातीसाठी उघडी गाडी हवी म्हणून बोल्ट खोलून छत उतरवलं. मस्त दिसली, म्हणून परत चढवलंच नाही. आता जामहून गिरडकडे निघालो की समोरची काच थरथरते, स्टिअरिंग हातात नाचतं आणि ड्रायव्हरचं दार मागच्या वरच्या कोपऱ्यात घासतं. आमच्याकडचा वेल्डर म्हणतो, खालून दोन्ही बाजूंनी 4 इंची चॅनल (तीन बाजूंचा, एका अंगाने उघडा लोखंडी दांडा) मारून देतो. मारू का? शिवाय पुढे बॉनेटखाली डावी-उजवी बाजू जोडणारा रेडीमेड दांडा, स्ट्रट बार, मिळतो, त्याने काम होईल का?
— एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, चॅनल मारू नका. वेल्डरला आधी निरोप धाडा, मग पुढचं वाचा.

त्याची नियत वाईट नाही. ट्रॉलीला चॅनल मारून मारून त्याचा हात बसलेला आहे, आणि ट्रॉलीवर भार वरून खाली येतो, तिथे चॅनल चोख काम करतं. तुमच्या गाडीला वाकापेक्षा पिळाचा त्रास जास्त आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या डांबराच्या लाटा होतात. उजवं पुढचं चाक उचललं जातं तेव्हाच डावं मागचं चाकही वर येतं, आणि ओलं धोतर पिळावं तशी गाडी पिळली जाते. छत होतं तोवर ती झाकण लावलेला डबा होती. आता नुसतं ताट उरलं. 

हातानेच करून पाहा. शेतातल्या 2 इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्या आणि दोन्ही हातांनी पिळा. हलणार नाही. मग हॅक्सॉने त्याला एका बाजूने या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चीर द्या आणि पुन्हा पिळा. प्लास्टिक तेवढंच, वजन तेवढंच, पण तो आता पोरानेही पिळेल. 50 मिमी व्यासाच्या, 2 मिमी जाडीच्या नळीला अशी चीर पडली तर पिळाविरुद्धचा तिचा ताठपणा हिशोबाने 400 पटींहून जास्त घटतो. चॅनल म्हणजे जन्मतःच चिरलेली नळी. 4 इंची चॅनल मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतं, दोन्ही बाजूंचं मिळून 5 मीटर लागेल. म्हणजे 45 किलोच्या युरियाच्या गोणीपेक्षा जास्त ओझं गाडी कायम वाहणार, आणि पीळ जवळपास होता तेवढाच राहणार.

उलट व्यासाचं गणित पाहा. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर वजन दुप्पट आणि पिळाविरुद्धचा ताठपणाही दुप्पट. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पटच, पण ताठपणा 8 पट. म्हणून जगातल्या चांगल्या उघड्या गाड्यांचं सगळं काम मोठ्या, पातळ आणि बंद पेट्यांवर चालतं. 1996 ची लोटस एलिस घ्या. ॲल्युमिनियमचे पोकळ दांडे चिकटवून केलेली तिची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, 68 किलोची, आणि ती एक अंश पिळायला सुमारे 10,000 न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) जोर लागतो.

तुमच्या हेराल्डच्या मुळाशीही बंद पेट्याच आहेत. ही गाडी इंग्लंडमध्ये ट्रायम्फने 1959 ला काढली, आकार मिकेलोट्टी या इटालियन डिझायनरचा, आणि मद्रासला ती 1961 पासून बनू लागली. बाकीचे चेसिस-बॉडी एकच करत होते तेव्हा हिची चेसिस वेगळी आणि बॉडी तुकड्या-तुकड्यांनी बोल्ट केलेली, म्हणून तर तुमचं छत पान्याने निघालं. कंपनीनेही 1960 मध्ये उघडी हेराल्ड काढली होती. पुढे 1962 मध्ये याच चेसिसवरून स्पिटफायर ही स्पोर्ट्स गाडी झाली. तिच्यात चेसिस आखूड केली, बाजूचे दांडे काढून टाकले आणि तो भार दारांखालच्या बंद पेट्यांवर दिला. त्या पेट्या सडल्या की स्पिटफायर मधोमध खचते.

तुमचं दार मागच्या वरच्या कोपऱ्यात घासतं ते यामुळेच. मधला भाग खाली बसला की दाराची चौकट वरून आवळते आणि खालून उघडते. 58 वर्षांच्या वरच्या या चेसिसमध्ये मला पहिला संशय गंजाचा आहे. मधल्या दोन मुख्य दांड्यांतून बाजूला निघालेल्या आडव्या फांद्या आणि बाहेरचे दांडे, तिथे चिखल भरून राहतो. पेचकसाच्या टोकाने इंच-इंच टोचा. जिथे टोक आत गेलं किंवा सांध्याची शिवण उकललेली दिसली, तिथे तुमची बंद पेटी चिरलेला पाइप झाली असं समजा. आधी तेवढं कापून त्याच जाडीचा पत्रा बसवा. बॉडी आणि चेसिसमधली रबरी पॅकिंगंही नवी घाला, बोल्ट सैल असेल तर बॉडीचा जोर चेसिसला मिळतच नाही.

कापायच्या आधी दाराच्या चौकटीत वर एक आडवा आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरका पाइप टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारून अडकवा. गाडी पुढच्या-मागच्या चाकांजवळ टेकवा, मध्ये जॅक नको. हे सोडलं तर गाडी वाकड्या अवस्थेतच जोडली जाते आणि मग दार कायमचं गेलं. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, बॅटरी सोडा.

एवढ्याने बराच फरक पडेल. पुढचं बळ द्यायचं तर त्रिकोण करा. सैल झालेली बाज एका अंगाला झुकते. कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरी ताणून बांधली की उभी राहते. तसंच मुख्य दांड्यापासून बाहेरच्या फांदीच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी 40 बाय 40, 2 मिमीचा चौकोनी पाइप तिरका लावा. मीटरला 2.4 किलो फक्त. डॅशखाली दोन्ही दारखांबांना जोडणारी एक नळी, आणि मागच्या सीटच्या पाठीमागे चारही कडा बोल्ट केलेला 1.2 मिमीचा सपाट पत्रा. हा पत्रा छताच्या कामाचा बराचसा वाटा उचलतो. सगळं बोल्टने, क्लॅम्पने.

बोल्टने का, ते माझ्याकडून ऐका. तरुणपणी पुलगावला मी एका जीपच्या चेसिसवर 8 मिमीची जाड पट्टी चारही बाजूंनी वेल्ड मारून चिकटवली. गिऱ्हाईक खूश झालं. सात महिन्यांनी जीप परत आली, पट्टी जिथे संपत होती तिथेच, वेल्डच्या कडेला, दांडा केसासारखा फाटलेला. जाड आणि पातळ एका रेघेवर भेटले की सगळा ताण त्या रेघेवर जातो. तेव्हापासून पट्टीची टोकं मी निमुळती कापतो आणि आडवी वेल्ड कधीच ओढत नाही. त्या जीपमध्ये लेकरं बसत होती, हे मी विसरलेलो नाही.

दुसरं कारण कायद्याचं, बोल्टचं काम खोलून मूळ रूप परत आणता येतं. 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चेसिस किंवा बॉडीत फेरबदल केलेली असेल तर ते हातून जातं. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. तुमच्या आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते पाहा आणि आरटीओत विचारा. माझं स्पष्ट मत असं की छत सांभाळून ठेवा आणि रोजच्या वापरासाठी परत चढवा. त्याच्याएवढं स्वस्त बळ दुसरं नाही.

स्ट्रट बार विसरा. तो शॉकअपचं वरचं टोक बॉडीच्या पत्र्याला बसतं त्या गाड्यांसाठी आहे, हेराल्डचं पुढचं स्प्रिंग चेसिसच्याच खांबावर असतं.

स्टिअरिंग नाचतं त्याचं कारण मात्र वेगळंही असू शकतं. चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या आणि पुढचे ट्रनिअन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ते खालचे सांधे, तपासा. त्यात ग्रीस भरलं जातं, ते चूक. तिथे 90 नंबरचं गिअर ऑइल हवं. कोरडा पडला तर चाक मोडून बाहेर येतं.

कामाच्या आधी आणि नंतर पीळ मोजा. चेसिसचं मागचं टोक दोन स्टँडवर, पुढचं मधोमध एका गोल नळीवर, चाकं अधांतरी. पुढच्या टोकाला आडवा भक्कम पाइप आवळून मध्यापासून 1 मीटरवर युरियाची एक गोणी टांगा, खाली आधाराला लाकूड ठेवा, आणि गाडीखाली कोणी जाऊ नये. त्याच जागी 2 मीटरची दुसरी हलकी सरळ नळी बांधा, आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तिची दोन टोकं किती वरखाली झाली ते पाहा. मागेही तसंच मोजून वजा करा. फरक 3.5 मिमी आला तर पीळ एक अंशाचा दहावा भाग, म्हणजे गाडी अंशाला साधारण 4,400 न्यूटन-मीटर धरते. छतासह, छताविना आणि पाइप लावल्यावर, असे तिन्ही आकडे मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा.