पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन सायकलने निघण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गहून राजधानी वॉशिंग्टनपर्यंत मोटारींची वर्दळ नसलेल्या वाटेने सायकलवर जाण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला. आखलेले पाच दिवसांचे वेळापत्रक मात्र तू बदलावेस, असे मला कळकळीने वाटते. वाट सपाट आहे आणि मागून येणाऱ्या ट्रकची धास्ती नाही, तेव्हा डांबरी रस्त्यावर जमते त्याहून अधिक अंतर रोज सहज होईल, असा तुझा हिशेब दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या उलट घडते आणि अनेक उमेदीची मुले तिसऱ्या दिवशी त्यामुळेच हैराण होतात.

कारण समजून घे. पिट्सबर्ग ते वाटेतले कंबरलंड हा सुमारे २४० किलोमीटरचा ग्रेट ॲलेगेनी पॅसेज बहुतांशी जुन्या रेल्वेमार्गांवरून जातो आणि रेल्वेला तीव्र चढ चालत नसल्यामुळे तिथे चढ जवळजवळ जाणवतच नाही. आपल्या घाटात तू पेडलवर उभा राहून चढतोस आणि माथ्यानंतर पाय न हलवता उतरतोस. त्या उतारावर पाय, कंबर आणि बैठक यांना आपोआप विसावा मिळतो. इथे तो विसावा नाही. बारीक चुनखडीच्या कचीवर सायकल आपणहून फारशी धावत नाही, त्यामुळे तासन् तास त्याच पवित्र्यात पेडल मारत राहावे लागते. दमसास शाबूत असतो, पण तळहात बधिर होतात आणि सीटवर बसणे नकोसे होते. म्हणून हँडल थोडे उंच करून घे, दर पाऊण तासाने खाली उतरून दोन मिनिटे चाल आणि रोजचे अंतर साठ-पासष्ट किलोमीटरच धर. पूर्ण वाट सुमारे ५४० किलोमीटरची आहे. तिला निदान नऊ दिवस दे. पहिला दिवस त्याहूनही लहान ठेव, म्हणजे सामानाची बांधणी कुठे चुकली ते उजेडातच कळेल.

पिट्सबर्गकडून निघण्याचा तुझा निर्णय योग्य आहे. त्या बाजूने ७२९ मीटर उंचीवरच्या जलविभाजकापर्यंतचा, म्हणजे पावसाचे पाणी दोन बाजूंना वाटणाऱ्या डोंगरमाथ्यापर्यंतचा चढ जवळपास दोनशे किलोमीटरांवर पसरलेला आहे; कंबरलंडकडून आलास तर तीच उंची सुमारे अडतीस किलोमीटरांत गाठावी लागते. जलविभाजकानंतर लगेच सुमारे एक किलोमीटर लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा लागतो. तो हिवाळ्यात बंद असतो, म्हणून मे ते ऑक्टोबर हाच काळ निवड.

कंबरलंडला मात्र वाटेचा स्वभावच बदलतो, आणि तुझ्या वेळापत्रकात याचा विचार मुळीच दिसत नाही. पुढचे २९७ किलोमीटर तू चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठाने जाशील. नावा ओढणारी खेचरे ज्या पायवाटेने चालत, तीच ही वाट आहे. कालव्याचे काम १८२८ मध्ये सुरू झाले, तो कंबरलंडला १८५० मध्ये पोहोचला आणि १९२४ च्या पुरानंतर त्यावरची वाहतूक थांबली. पुढे तिथून मोटाररस्ता काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये ही संपूर्ण वाट पायी चालून लोकांचे लक्ष वेधले. १९७१ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. आज तुला मोटारींवाचून जाता येते ते त्या आग्रहामुळे, हे माहीत असावे असे मला वाटते.

या काठावर माती आहे, झाडांची मुळे आहेत आणि पाऊस झाला की चिखल आहे. तो चिखल मडगार्ड आणि टायर यांच्या फटीत भरत जातो, चाक घासू लागते आणि अखेरीस काडीने खरवडून काढल्याशिवाय सायकल हलत नाही. त्यासाठी टायर निदान ३८ मिलिमीटर रुंद हवेत आणि मडगार्डखाली बोटभर मोकळी जागा हवी. लिटल ऑर्लिन्सपासून हॅन्कॉकच्या पुढपर्यंत कालव्याला समांतर अशी सुमारे ४५ किलोमीटरची वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल आहे; ती डांबरी आहे. पाऊस पडला असेल तर खुशाल तीच धर. कालव्याची वाट सोडली म्हणून प्रवासाला उणेपणा येत नाही.

त्याआधी लागणारा पॉ पॉ बोगदा जवळपास ९५० मीटर लांब असून आत दिवे नाहीत. विटांची कमान, शेजारी काळे पाणी आणि कठड्यालगतची अरुंद, उंचसखल वाट असे त्याचे रूप आहे. तिथे सायकलवरून उतर, बॅटरी पेटव, एक हात कठड्यावर ठेव आणि सावकाश चाल. समोरून कोणी आले तर थांबून वाट दे. कालव्याचे पाणी नदी-ओढ्यांवरून नेणाऱ्या जलसेतूंवरही सायकल हातात धरूनच जायचे असते. घंटी अवश्य बसव, आणि पायी चालणाऱ्यांच्या बरेच आधी वाजव.

पाण्याचा आणि जेवणाचा विचार अंतराच्या आधी कर. कालव्याकाठी काही-काही किलोमीटरांवर विनाशुल्क तंबूच्या जागा आहेत आणि तिथे हातपंप असतात, पण ते हिवाळ्यात बंद ठेवतात. पंपाला दांडा दिसला नाही, तर तिथे पाणी नाही असे समज. कंबरलंड ते हॅन्कॉक या जवळजवळ शंभर किलोमीटरांत दुकाने फार थोडी आहेत, त्यामुळे एका दिवसाचे खाणे नेहमी जवळ राहू दे. तू शाकाहारी आहेस. छोट्या गावांत तुला चीज आणि बटाटा यांवर भागवावे लागेल. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या आणि दाण्याची चटणी घरून ने, त्या चांगल्या टिकतात. गवतात बसून उठलास की गोचीड लागली नाही ना, हे रोज संध्याकाळी बघ. पॉयझन आयव्ही या अंगाला खाज आणणाऱ्या, तीन-तीन पानांच्या वेलीला हात लावू नकोस.

परतीच्या रेल्वेत सायकलची जागा वेगळी राखून ठेवावी लागते आणि अशा जागा मोजक्याच असतात, म्हणून तारखा ठरताच आधी ते आरक्षण कर. नवी सायकल घेण्यापूर्वी तिच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या चाकाच्या दुबेळक्यात, आणि मागच्या चाकापाशी किती रुंद टायर बसतो ते मोजून मला कळव. त्यावरून मडगार्ड कोणते घ्यावे ते मी लिहीन.

तुझा,
काका