ब्लॅकजॅकमध्ये कार्ड काउंटिंग शिकायला नवशिक्याला किती दिवस लागतात?

तुम्ही लिहिलंय की न्यूजर्सीतल्या एडिसनला नवीन आलायत, रूममेटबरोबर दोनदा अटलांटिक सिटीला जाऊन आलात, आणि तो म्हणतो, "बेसिक स्ट्रॅटेजी पाठ करत बसू नकोस, ते पुस्तकी आहे. टेबलाचा रंग बघून खेळायचं आणि थेट मोजायला शिकायचं." हे वाचलं आणि हातातलं काम तसंच ठेवून लिहायला बसले. हे 'पुस्तकी' मी आमच्याच घरात ११ वर्षं ऐकतेय. ब्लॅकजॅकमध्ये डीलरपेक्षा, म्हणजे कसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, एकवीसच्या जास्त जवळ जायचं असतं, आणि बेसिक स्ट्रॅटेजी म्हणजे आपली पानं व डीलरचं उघडं पान बघून काय करायचं त्याचा ठरलेला तक्ता.

माझे चुलत दीर न्यूजर्सीत आमच्या कितीतरी आधी आले. कसिनोत जायचं तर भाऊजींबरोबर, असा घरातला शिरस्ता. त्या शनिवारी बोर्डवॉकवरच्या एका कसिनोत आम्ही दोघं एकाच टेबलावर बसलो. सहा कॅटचा शू (पत्ते काढायचा डबा), कमीत कमी १५ डॉलरचा डाव. ते मधे, मी अगदी शेवटच्या खुर्चीवर. डीलरची दुर्री वर. भाऊजींकडे अकरा होते. त्यांनी लावलेले ५० डॉलर दुप्पट करून १०० केले, सत्ती आली, अठरा झाले. माझ्याकडे अठ्ठी आणि चौकट चार, म्हणजे बारा.

मी टेबलावर बोट टेकवून पान मागितलं. दश्शी आली, मी बस्ट, म्हणजे एकवीसच्या वर जाऊन हरले. डीलरने पालथं पान उलटलं तर राणी, म्हणजे त्याचेही बाराच. पुढचं पान नव्वी. एकवीस! सगळं टेबल हरलं.

मी थांबले असते तर ती दश्शी डीलरला गेली असती आणि तो बावीसवर बस्ट झाला असता. हे मलाही दिसत होतं. पण भाऊजी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "डीलर दुर्रीवर असताना बारावर पान मागतात का? त्याचं पान खाल्लंस तू!" शेजारच्या अनोळखी माणसानेही मान हलवली. परतताना गार्डन स्टेट पार्कवेवर अख्खा रस्ता हाच विषय. त्यानंतर प्रत्येक दिवाळीच्या फराळाला नवीन पाहुण्याला सांगायचे, "हिच्या टेबलावर बसू नका."

मी पान मागितलं ते बरोबरच होतं. डीलरची दुर्री वर असताना तो साधारण ३५ टक्के वेळा बस्ट होतो, म्हणजे दर तीन डावांपैकी जवळजवळ दोनदा होत नाही. आणि बारावर पान मागितलं तर मी बस्ट होणार फक्त दहाच्या पानांनी (दश्शी, गुलाम, राणी, राजा), तेरापैकी चार. १०० डॉलर लावलेत असं धरा. तिथे थांबलात तर सरासरी २९ जातात, पान मागितलंत तर २५. दोन्हीकडे तोटाच आहे, पण चार डॉलर वाचतात, आणि बेसिक स्ट्रॅटेजी म्हणजे असेच चार-चार डॉलर वाचवणं. हा नियम मी घरी बसून काढलेला नाही. अमेरिकन लष्करातल्या चौघांनी मेरीलँडच्या ॲबरडीनमध्ये साध्या कॅल्क्युलेटरवर हे सगळं मांडलं आणि १९५६ मध्ये संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापलं. त्यातही दुर्रीसमोर बारावर पान मागायचं असंच आहे.

राहिलं 'डीलरचं पान खाल्लं' हे. शूमधली पुढची दोन पानं पालथी आहेत. दश्शी आधी आणि नव्वी मागून असण्याची जेवढी शक्यता, तेवढीच नव्वी आधी आणि दश्शी मागून असण्याची. तसं झालं असतं तर मला नव्वी येऊन माझे एकवीस झाले असते, दश्शी डीलरला जाऊन तो बस्ट झाला असता, आणि भाऊजींना १०० डॉलर मिळाले असते. तेव्हा कुणी म्हणालं असतं का, की हिने आम्हाला वाचवलं? मी सहा कॅट आणून मुलीबरोबर जेवणाच्या टेबलावर दोन महिने हेच डाव मांडले. वहीत दोन रकाने केले: माझ्या पानामुळे बाकीच्यांचं बिघडलं, आणि माझ्या पानामुळे बाकीच्यांचं भलं झालं. दोन्ही रकाने जवळजवळ बरोबरीने भरत गेले. वही भाऊजींपुढे ठेवली तर उघडून न बघता म्हणाले, "टेबलावर असं नसतं."

आता तुमचं मोजणं. दुर्रीपासून छक्कीपर्यंत अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य, दश्शी, चित्रं आणि एक्का उणे एक. येईल त्या बेरजेला शूमध्ये उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचं आणि आकडा चांगला वर गेला, म्हणजे शूमध्ये मोठी पानं जास्त उरली, की लावायचे पैसे वाढवायचे. यात पाठांतर नाही, एकाग्रता आहे. एक कॅट ३० सेकंदांच्या आत मोजून शेवटी बरोबर शून्य यायला हवं. मी कुकरच्या शिट्ट्यांवर सराव करायची आणि मुलगी मुद्दाम टीव्ही लावायची. मला चार महिने लागले, तेही बेसिक स्ट्रॅटेजी आधीच पक्की होती म्हणून. ती कच्ची असेल तर मोजणं सुरूच करू नका. डोक्यात आकडा धरायचा आणि त्याच वेळी सोळावर काय करू याचा विचारही करायचा, हे जमत नाही. तुमच्या रूममेटला विचारा, डीलरच्या सत्तीसमोर एक्का-सत्तीवर तो काय करतो. उत्तर 'थांबतो' असं पटकन आलं नाही, तर त्याचा सल्ला सोडून द्या.

महिन्याला जादा कमाई होईल का, हेही विचारलंय तुम्ही. चांगलं मोजणाऱ्याला साधारण एक टक्क्याची आघाडी मिळते. सरासरी २५ डॉलरचा डाव आणि तासाला ७० डाव धरले तर तासाला १७-१८ डॉलर. आणि त्याच एका तासात २४० डॉलर वर किंवा खाली जाणं अगदी नेहमीचं. घरभाड्याचे पैसे यात घालायचे नाहीत.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचं पान) ३:२ ऐवजी ६:५ देणाऱ्या टेबलावर बसूच नका, तिथे जवळपास १.४ टक्के जास्त जातात आणि मोजण्याचा सगळा फायदा संपतो. सतत पत्ते पिसणारं यंत्र असेल तिथे मोजून काही उपयोग नाही. मनात मोजणं हा गुन्हा नाही, पण फोन किंवा कुठलंही यंत्र वापरलंत तर न्यूजर्सी, नेवाडा दोन्हीकडे गुन्हा आहे. १९८२ मध्ये केन अस्टन या पत्ते मोजणाऱ्या खेळाडूच्या खटल्यात न्यूजर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ मोजतो म्हणून कसिनोला खेळाडूला बाहेर काढता येणार नाही. लवकर पत्ते पिसून ते तुमचं मोजणं निकामी करू शकतात, ते मात्र चालतं.

आणि जागा मिळाली तर शेवटच्या खुर्चीवर बसा. सगळी पानं डोळ्यांसमोरून जातात, मोजायला वेळ मिळतो. बारावर असताना डीलरची दुर्री दिसली तर पान मागा, शेजारचा काहीही म्हणो. मी आजही मागते. गेल्या दिवाळीला भाऊजींनी पुन्हा तो किस्सा काढला, तेव्हा मुलीनेच खणातून वही आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.